वाढणारे हात

बँकेच्या तपासणी खात्यात मी एकोणीस वर्षं काढली. एका शाखेची तपासणी म्हणजे आठ-दहा दिवसांचा मुक्काम. दिवसभर कर्जाच्या फायली, रात्री लॉजवरची खोली आणि दोन्ही वेळचं जेवण बाहेर. किती गावांत, किती खानावळींत जेवले याचा हिशोब मी ठेवला नाही. आज त्यातली जी जेवणं आठवतात, ती आठवताना आधी पदार्थ येत नाही. आधी वाढणारा माणूस येतो, मग त्याच्या हातातलं भांडं, आणि त्यामागून चव. हॉटेलांबद्दल आपल्याकडे पुष्कळ लिहिलं जातं. त्यात मालक असतो, आचारी असतो, मसाला असतो. वाढप्याबद्दल मात्र कुणी चार ओळी खर्च करत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

१. पहिल्या दिवशी वाढपी सांगेल तसं जेवावं

कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका खानावळीत मटणाचं ताट घेतलं. सुकं मटण, भाकरी, कांदा-लिंबू आणि दोन वाट्या, एक तांबड्या रश्श्याची, एक पांढऱ्याची. मी भाकरी मोडून तांबड्यात बुडवणार, तेवढ्यात पुढे गेलेला वाढपी मागे फिरला. "ताई, आधी पांढरा प्या. तांबडा कुठं जातोय?"

मी ऐकलं. दोन्ही रस्से निघतात मटण शिजवलेल्या एकाच आळणी पाण्यातून. एकात नारळाचं दूध आणि खसखस पडते, दुसऱ्यात कांदा-लसणाचा तिखट मसाला आणि वर तेलाचा कट. पांढऱ्याने तोंड आणि घसा मऊ झाला, की तांबडा नुसता जाळत नाही. त्यातला लसूण वेगळा कळतो, भाजलेलं खोबरं वेगळं कळतं. उलट क्रमाने जेवले असते तर पांढरा म्हणजे जिभेवर ओतायचं औषध झाला असता.

तो माणूस दोन बादल्या घेऊन रांगेतून फिरायचा. "हवं का?" असं त्याने एकदाही विचारलं नाही. वाटीकडे बघायचा आणि ओतायचा. तिसऱ्या दिवशी मी बसल्याबरोबर त्याने पांढऱ्याची वाटी आणून ठेवली, ताट मागाहून आलं. परगावी कुणीतरी आपल्याला ओळखतं, हे मला त्या वाटीतून कळलं. नऊ वाजता लॉजवर परतताना त्या दिवशी घरचा फोन लावायची घाई झाली नाही.

२. चुलीजवळची जागा मिळाली तर सोडू नये

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मला फार वाईट अनुभव आला. शाखेजवळच्या हॉटेलात मी एकटी गेले, तर मला प्लायवूडच्या आडोशामागे 'फॅमिली'च्या जागेत बसवलं. पडदा ओढला. आत पंखा नव्हता. बाहेर बाकीच्यांची ताटं येत-जात होती आणि आत मी आहे हे सगळे विसरले होते. अर्ध्या तासाने वरण आलं, ते गार. दुसऱ्या दिवशीही तेच. मग दोन रात्री मी खोलीवर केळी खाऊन काढल्या. एकट्या बाईला पोटभर जेवायला लाज वाटावी अशी व्यवस्था कुणी तरी विचार करून उभी केली आहे, याचा मला तेव्हा संताप आला होता आणि अजूनही येतो.

पाचव्या दिवशी शाखेत झाडलोट करणाऱ्या बाईंनी एसटी स्टँडमागची पत्र्याची शेड दाखवली. आत हमाल आणि ट्रकवाले जेवत होते. चुलीशी साठीच्या घरातल्या एक आजी भाकरी थापत होत्या. त्यांनी मला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पोराला स्टूल सरकवायला सांगितलं. "बस माय इथं, चुलीपाशी."

ती शेडमधली सगळ्यात चांगली जागा होती. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखी चिकाटी नसते. म्हणून ते गरम पाण्यात मळायचं, लाटायचं नाही, तळहाताने थापायचं, तव्यावर टाकल्यावर वरून पाणी फिरवायचं आणि शेवटी निखाऱ्यावर फुगवायचं. एवढं करून हाती येतं ते चार-पाच मिनिटांचं सुख. भाकरी थंड होऊ लागली की कडक व्हायला लागते. मागच्या टेबलावर पोचेपर्यंत तिची वाफ निघून जाते. माझ्या ताटात ती आजींच्या हातातून थेट पडत होती. सोबत पिठलं, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि मुठीने फोडलेला कांदा. दुसरी भाकरी मोडताना डोळ्यांत पाणी आलं. आजींनी ठेचा उचलून बाजूला ठेवला आणि पिठल्यात तेलाची धार सोडली. पाणी तिखटाचं नव्हतं, पण मी काही बोलले नाही.

३. काय घ्यावं यापेक्षा काय घेऊ नये, ते विचारावं

मालवणात जुलै महिना, बाहेर धुवांधार पाऊस. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारी बंदी असते. यांत्रिक होड्या समुद्रात जात नाहीत. हा माशांच्या विणीचा काळ. हे मला ठाऊक होतं, तरी फलकावर सुरमई दिसली आणि मी सुरमईचं ताट मागितलं. वाढणाऱ्या मुलाने गल्ल्याकडे पाहिलं, मालक फोनवर होते. तो वाकून म्हणाला, "सुरमय घेव नका, बर्फातली आसा." ताट त्यानेच ठरवलं: खाडीतल्या काळुंदराचं तिखलं, सुक्या बोंबलाची चटणी, उकड्या तांदळाचा भात, सोलकढी. सुरमईचं ताट दीडपट महाग होतं. विकायला उभा असलेला माणूस जेव्हा स्वस्त ताट पुढे करतो, तेव्हा त्याचं मुकाट्याने ऐकावं.

४. गाडी थांबते तिथं खावं

कर्जतला पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना मागून इंजिनं जोडतात, कारण पुढे बोरघाटाचा १:३७ चा चढ आहे. तेवढ्या थांब्यावर दिवाडकरांचा वडा मोठा झाला. खिडकीतून आत येणारा हात, कागदात गरम वडा, वर लसणाची सुकी लाल चटणी, आणि गाडी हलायच्या आत मोजून परत आलेली सुटी नाणी. लोणावळ्याला पोचेपर्यंत बोटांना वास टिकतो.

५. म्हातारा माणूस टेबलाशी आला तर घाई करू नये

बॅलार्ड इस्टेटमधलं 'ब्रिटानिया' हे १९२३ सालचं इराणी उपाहारगृह. तिथला बेरी पुलाव म्हणजे इराणातल्या जेरेश्क पोलोला दिलेलं मुंबईचं वळण. इराणातून येणाऱ्या त्या सुकवलेल्या आंबट लाल बेऱ्या भातात दाताखाली आल्या की अख्खा घास जागा होतो. मुख्य कचेरीत बैठक असली की मी तिथं जायची. बोमन कोहिनूर नव्वदी ओलांडल्यावरही टेबलाटेबलाशी जाऊन स्वतः ऑर्डर घेत, ब्रिटनच्या राणीबद्दल भरभरून बोलत. बैठकीला उशीर होतोय म्हणून मी एकदा त्यांचं बोलणं मध्येच तोडलं. २०१९ साली ते गेल्याची बातमी वाचली तेव्हा बैठक कशाबद्दल होती ते काही केल्या आठवेना.

६. भारी हॉटेलातही नजर ताटाकडेच असते

निवृत्तीनंतर मुलीने मला महालक्ष्मीच्या 'मास्क'मध्ये नेलं. २०१६ साली जुन्या गिरणीच्या आवारात सुरू झालेलं हे हॉटेल. तिथं निवड करायची नसते. ठरलेले छोटे छोटे पदार्थ एकामागून एक येतात आणि घेऊन येणारा प्रत्येकाची ओळख करून देतो. मी बिचकले होते. एवढ्या पैशात परभणीची ती शेड किती दिवस चालली असती, हा हिशोब डोक्यातून जाईना.

दुसरंही एक डोक्यात होतं. याच गिरण्यांतले कामगार गावाकडे कुटुंब ठेवून इथं राहायचे आणि चाळीतल्या बायकांच्या घरगुती खानावळीत महिन्याच्या बोलीवर जेवायचे. पैसे पगाराला मिळणार, धान्य मात्र आधी भरायचं, म्हणून या बायका सावकाराच्या हातात सापडलेल्या. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, त्यांना एकत्र केलं आणि राष्ट्रीयीकृत बँकांची कर्जं मिळवून दिली. कर्ज खात्यात नवी असताना माझ्या वरिष्ठांनी मला हे उदाहरण दिलं होतं: तारण नाही, पण चाळीस माणसं रोज जेवतात, यापेक्षा मोठी पत कोणती? १९८२ च्या संपात गिरण्या थांबल्या आणि ती जेवणारी माणसंच पांगली.

हे सगळं मनात घोळत असताना तिसरा पदार्थ आला. चमचा माझ्या डाव्या बाजूला ठेवला होता. मी डावखुरी आहे. पहिल्या दोन पदार्थांना मी चमचा उजवीकडून उचलून डाव्या हातात घेतला होता आणि त्या मुलाने ते पाहिलं होतं. शेवटच्या पदार्थापर्यंत चमचा डावीकडेच येत राहिला. तो त्याबद्दल एक शब्द बोलला नाही. मी हळूहळू सैल झाले आणि जेवण खरंच फार सुंदर होतं.

७. एकदा तरी वाढून बघावं

नगर जिल्ह्यात, साखर कारखान्याजवळ, गळीत हंगामातली गोष्ट. रस्त्याकडेची खानावळ एक बाई आणि तिचा मुलगा असे दोघं चालवायचे. मी रात्री पोचले तेव्हा मुलगा तापाने आत झोपला होता, ती एकटी चुलीशी होती आणि उसाच्या गाड्यांवरची पंधरा-वीस माणसं पानावर बसून वाट बघत होती. मी पर्स खुंटीला अडकवली आणि वरणाची बादली उचलली. ती नको-नको म्हणाली, पण तवा सोडून येणार कशी?

बादली जड होती. पहिल्या रांगेला मी प्रत्येकाच्या तोंडाकडे बघून "वाढू का?" विचारत होते आणि सगळे अवघडून नाही म्हणत होते. दुसऱ्या फेरीला तोंडाकडे बघणं सोडलं. ज्याचा हात मंद झाला त्याच्यापुढून सरळ पुढे गेले. ज्याने ताटावर पंजा आडवा धरला त्यालाही अर्धी पळी घातली, कारण बोटं फाकलेली होती.

रांगेच्या टोकाला एक म्हातारे बाबा होते. त्यांनी वर पाहिलंच नाही. भात पुढ्यात ओढला, बोटांनी मधोमध आळं केलं आणि थांबले. मी वाकून त्यात वरण वाढलं.