ओपीडी सुरू ठेवून सर्व्हर अद्ययावत करता येतील?

प्रश्न : आमच्या रुग्णालयात दोन सर्व्हरचे क्लस्टर आहे. त्यावर विंडोज सर्व्हर २०१२ आर२ चालते. नोंदणी बंद न पाडता ते बदलता येईल का? (एक वाचक, वर्धा)

उत्तर : सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने सीडॅक या सरकारी संगणन संस्थेची माहिती प्रणाली स्वीकारली, तेव्हापासून वर्धा जिल्ह्याला संगणकीकृत केसपेपर नवा नाही. अशा ठिकाणी सर्व्हर थांबला की नोंदणीच्या खिडकीपुढे रांग वाढते, प्रयोगशाळेचे अहवाल अडकतात. त्यामुळे वाचकाची काळजी रास्तच आहे, आणि बदल टाळण्याजोगाही नाही. विंडोज सर्व्हर २०१२ आर२चा नियमित आधार १० ऑक्टोबर २०२३ रोजी संपला.

मार्ग आहे. आधी बॅकअप घेऊन तो दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहावा. मग एका सर्व्हरवरचे काम दुसऱ्याकडे वळवावे, रिकामा सर्व्हर क्लस्टरमधून काढून त्यावर २०१६ची कोरी स्थापना करावी आणि त्याला परत जोडावे. नंतर दुसऱ्याची पाळी. एका वेळी एकच आवृत्ती पुढे जाता येते.

काम वळवताना डेटाबेस क्षणभर तुटतो, म्हणून वेळ रात्रीची निवडावी. एक सर्व्हर क्लस्टरबाहेर असेपर्यंत दुसऱ्या एकट्यावर सारा भार असतो, हेही ध्यानात असावे.

क्लस्टरची कार्यपातळी नव्या आवृत्तीवर नेणारी ‘अपडेट-क्लस्टरफंक्शनललेव्हल’ ही आज्ञा दोन्ही सर्व्हर बदलून झाल्यावर अगदी शेवटी द्यावी. ती दिल्यावर मागे फिरता येत नाही.

लिनक्सवाल्यांसाठी वेगळी सूचना : कोरोसिंक या क्लस्टर जोडणाऱ्या सॉफ्टवेअरच्या आवृत्ती २ आणि ३ एका क्लस्टरमध्ये नांदत नाहीत. तिथे शेजारी नवे क्लस्टर उभारून डेटा हलवणेच सुरक्षित.