सीट अडवण्याआधी मुलाकडे बघा

एप्रिल उजाडला की एकाच प्रश्नाचे फोन सुरू होतात. ‘सर, बंगळूरला कॉम्प्युटरची सीट मिळतेय. आज संध्याकाळपर्यंत पैसे भरायला सांगितलेत. भरू का?’ बंगळूरच्या जागी कधी चेन्नई येते, कधी भुवनेश्वर, कधी नोएडा. बारावीचा निकाल लागलेला नसतो, राज्याची सीईटी पुरती झालेली नसते आणि घरात दीड-दोन लाखांची जमवाजमव चालू असते. माझे उत्तर ठरलेले आहे. भरू नका.

सीट संपतील, या भीतीवर हा बाजार चालतो. पण कॉम्प्युटरच्या जागांचा तुटवडा उरलेला नाही. चांगली कामगिरी दाखवणाऱ्या संस्थांसाठी एका शाखेत किती मुले घ्यायची यावरची कमाल मर्यादा एआयसीटीईने 2024-25 पासून काढून टाकली. तेव्हापासून याच शाखेच्या तुकड्या वाढत चालल्या आहेत. ज्या जागेसाठी तुम्ही रात्रीतून दागिने गहाण टाकायला निघता, ती जुलैतही मिळेल.

आधीच भरून बसला असाल, तर पैसे अडकले म्हणून मुलाला तिकडे ढकलू नका. यूजीसीची ऑक्टोबर 2018ची अधिसूचना काढून वाचा. प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या पंधरा दिवस किंवा त्याहून आधी रद्द केलेत, तर किरकोळ प्रक्रिया शुल्क वगळता सगळी रक्कम परत मिळायला हवी. पुढे ती टप्प्याटप्प्याने 90, 80, 50 टक्क्यांवर येते आणि शेवटच्या तारखेनंतर महिना उलटला की काहीच मिळत नाही. मुलाची मूळ कागदपत्रे अडकवून ठेवण्याचा अधिकार तर कुठल्याच संस्थेला नाही.

माहितीपत्रकावरचे सर्वांत मोठे पॅकेज बघणे आता सोडा. ते एका मुलाचे असते. त्याऐवजी एनआयआरएफ या राष्ट्रीय क्रमवारीसाठी कॉलेजने स्वतः भरलेली माहिती उघडा. क्रमवारी नव्हे, तिच्यामागची पीडीएफ. क्रमवारीत उतरलेल्या संस्थांना ती संकेतस्थळावर ठेवावी लागते. तिच्यात एक तक्ता आहे: पहिल्या वर्षाला किती मुले आली, ठरलेल्या मुदतीत किती पास झाली, किती जणांना नोकरी लागली, मधला पगार किती, पुढे शिकायला किती गेली. समजा 1200 आली, 900 वेळेत पास झाली आणि 450 जणांना नोकरी लागली. तर तुमच्या मुलासाठीचा आकडा हा 450 आहे आणि पगार तो मधला आहे. त्याच पीडीएफमध्ये दुसरा तक्ता विद्यार्थिसंख्येचा असतो. त्यात राज्यातली मुले किती आणि राज्याबाहेरची किती, हे वेगवेगळ्या रकान्यांत दिलेले असते. मुलाला परराज्यात पाठवायला निघालेल्या पालकांनी हा रकाना बघितलाच पाहिजे, आणि मला तो बघितलेले पालक क्वचितच भेटतात. हजारांत वीस-पंचवीसच मुले बाहेरची असतील, तर वर्गात, मेसमध्ये, सुटीच्या दिवशी आपला मुलगा कोणाशी बोलणार, हे त्याला आत्ताच विचारा.

मुलींच्या पालकांनी आणखी एक हिशेब मांडावा. राज्य सरकारच्या जुलै 2024च्या निर्णयानुसार आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत कॅप फेरीतून प्रवेश मिळाला, तर शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. ही सवलत महाराष्ट्रातल्या कॉलेजांना आहे, आणि अभिमत व खासगी विद्यापीठे तिच्यातून वगळलेली आहेत. नांदेडच्या मुलीला परराज्यातल्या खासगी विद्यापीठात घालणारा बाप फक्त तिथली फी भरत नाही, इथली माफीही सोडून देतो.

मग बाहेर पाठवूच नये का? पाठवावे, पण बाहेरच्या मुलांसाठी जागा राखून ठेवलेल्या ठिकाणी. एनआयटीत निम्म्या जागा इतर राज्यांतल्या मुलांच्या असतात, हे जेईई देणाऱ्या घरांना माहीत आहे. आयसर आहे, सीयूईटीतून केंद्रीय विद्यापीठे आहेत. त्यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. शिक्षक व्हायची खरी ओढ असलेल्यांसाठी भोपाळची एनसीईआरटीची प्रादेशिक शिक्षण संस्था आहे. तिच्या क्षेत्रात मध्य प्रदेश, छत्तीसगड, गुजरात आणि गोव्याबरोबर महाराष्ट्रही येतो, पण आपल्याकडे तिचे नाव क्वचित निघते.

मला मात्र थांबून बोलायचे आहे ते आयसीएआरच्या, म्हणजे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या कोट्याबद्दल. कृषी पदवी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे राहुरी, अकोला, परभणी, दापोली उभी राहतात. पण पशुवैद्यक सोडून कृषी आणि संलग्न पदव्यांच्या 20 टक्के जागा देशभरातल्या राज्य कृषी विद्यापीठांत आयसीएआर भरते, आणि त्यासाठी सीयूईटी द्यावी लागते. ही परीक्षा मराठीतूनही देता येते. 1960 साली सुरू झालेले पंतनगर हे देशातले पहिले कृषी विद्यापीठ, कोइमतूरचे तमिळनाडू कृषी विद्यापीठ, कर्नालची राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्था अशी दारे त्यातून उघडतात. या कोट्यातून स्वतःच्या राज्याबाहेरच्या कृषी विद्यापीठात गेलेल्या मुलाला आयसीएआर राष्ट्रीय प्रतिभा शिष्यवृत्ती देते. म्हणजे बाहेर गेला म्हणून त्याच्या हातात पैसे पडतात. तुम्ही मात्र मुलाला बाहेर घालण्यासाठी कर्ज काढत असता.

एका कुटुंबाची गोष्ट सांगतो. वडील दूध संकलन केंद्र चालवतात. मुलीला कॉम्प्युटरलाच घालायचे, हे घरातून ठरवूनच माझ्याकडे आले होते. मुलगी गप्प. घरी काय करतेस, असे विचारल्यावर ती बोलायला लागली. संध्याकाळच्या दुधाचा एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून उरणारे घन घटक, मोजायचे मशीन तीच लावते. ‘एसएनएफ साडेआठच्या खाली गेला की दर कापतात. उन्हाळ्यातच का जातो तो? गाई त्याच, खुराक तोच.’ वडील म्हणाले, ‘हे आमच्याजवळ कधी बोलली नाही.’ तिला डेअरी टेक्नॉलॉजी नावाची बी.टेक. असते हे ठाऊक नव्हते. वडिलांनाही नव्हते, आणि त्यांचे सगळे घर दुधावर चालते. तिच्या प्रश्नात रसायन होते, जीवशास्त्र होते, धंदा होता. कॉम्प्युटरच्या सीटसाठी त्यांनी जो प्रश्न धरला होता, त्यात मुलगी कुठेच नव्हती.

या वाटेचे तोटेही ऐका. पहिला पगार सॉफ्टवेअरवाल्यांएवढा असेलच असे नाही. आयसीएआरच्या फेऱ्या उशिरा चालतात, म्हणून राज्यातला एक प्रवेश हाताशी ठेवावा लागतो. कर्नाल-पंतनगरची थंडी आपल्या मुलांना माहीत नसते. कोइमतूरला बाजारात तमिळ लागते आणि मेसच्या भाताला कंटाळणारी पोरे मी पाहिली आहेत. मुलाला घर सुटवत नसेल तर त्याला राज्यातच ठेवा. सतराव्या वर्षी घर न सुटणे हा दोष नाही, आणि ‘हॉस्टेलला टाकला की सुधारेल’ हा तर अघोरी उपाय आहे. घरात न बोलणारा मुलगा पंधराशे किलोमीटरवर जाऊन जास्त गप्प होतो. अशा मुलांचे पालक डिसेंबरमध्ये फोन करतात, आणि तोवर त्याच्या दोन परीक्षा बुडालेल्या असतात.

जागा पक्की करण्याआधी कॉलेज बघून या. ओपन डेला नको, साध्या मंगळवारी-बुधवारी जा. मुलगा पुढे ज्या रेल्वेने ये-जा करणार आहे, त्याच रेल्वेच्या स्लीपरने जा. मेसमध्ये जेवा. मग तुम्ही गेटबाहेर थांबा आणि मुलाला एकट्याने दुसऱ्या वर्षाच्या मुलांशी बोलू द्या. परत आल्यावर त्याला लगेच ‘कसं वाटलं’ विचारू नका. दोन दिवसांनी तो आपणहून काय सांगतो ते ऐका. त्याने नको म्हटले तर भावकीत काय सांगायचे, ही अडचण तुमची आहे, त्याची नाही.

आणि कागद. परराज्यातल्या केंद्रीय कोट्यासाठी ओबीसीचा नॉन-क्रीमी लेयर दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो आणि चालू आर्थिक वर्षातला लागतो. आपली जात केंद्राच्या यादीत आहे का, हे आधी तपासा. राज्याच्या आणि केंद्राच्या याद्या सारख्या नाहीत. एसईबीसीचा दाखला तिथे चालत नाही. केंद्राच्या निकषांत बसत असाल तर केंद्रासाठीचा ईडब्ल्यूएस दाखला वेगळा काढावा लागतो. मे-जूनमध्ये तहसील कचेरीत पाय ठेवायला जागा नसते. म्हणून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात अर्ज टाका. सीट अडवण्यासाठी जी धावपळ करणार होतात, ती त्या आठवड्यात तिथे करा.