खाडीकाठचे भात आणि कीटकनाशकाची कसोटी

रायगडच्या किनारपट्टीवर भात हे खरिपाचे प्रमुख पीक होय. अलिबाग, पेण, उरण या तालुक्यांत अनेक ठिकाणी भातखाचर आणि खाडी यांच्यामध्ये केवळ एका बांधाचे अंतर असते. पिकावर टाकलेले औषध पावसाच्या पाण्याबरोबर खाडीत उतरू शकते. म्हणूनच नवे कीटकनाशक कसे घडते व कसे पारखले जाते, हे जाणून घेणे येथील शेतकऱ्याइतकेच मच्छीमाराच्याही हिताचे आहे.

पिवळा खोडकिडा हा भाताचा मोठा शत्रू. त्याची अळी खोडात शिरून आतला भाग पोखरते. फुटव्यांच्या काळात गाभा सुकतो, यास गाभेमर म्हणतात. पुढे दाणे न भरलेल्या पांढऱ्या लोंब्या बाहेर पडतात, तीच पळींज. अळी खोडात दडलेली असल्याने वरवरची फवारणी अपुरी पडते.

या किडीवरील एका औषधाचा उगम समुद्रातच आहे. जपानमध्ये गळाला आमिष म्हणून लावल्या जाणाऱ्या समुद्री कृमीच्या मृत शरीरावर बसलेल्या माश्या मरतात, असे आढळले होते. नित्ता या संशोधकाने १९३४ मध्ये त्यातील विष वेगळे केले. पुढे त्या रेणूच्या धर्तीवर संयुगे घडविण्यात आली व त्यांतून १९६७ मध्ये कारटॅप हे कीटकनाशक वापरात आले. ते किडीच्या मज्जासंस्थेतील संदेशवहन रोखते; अळी लुळी पडून खाणे थांबविते.

परंतु कीड मरते, एवढ्याने औषध सिद्ध होत नाही. निम्मे किडे मरण्यास किती मात्रा लागते, हे प्रथम प्रयोगशाळेत पाहतात. नंतर शेताचे सारखे वाफे पाडून निरनिराळ्या मात्रा देतात; काही वाफे तुलनेसाठी औषधाविना ठेवतात. गाभेमर, पळींज व उत्पन्न यांबरोबरच कोळी, चतुर अशा मित्रकीटकांचीही मोजणी होते. १९६८ च्या कीटकनाशक कायद्यानुसार मासे, पक्षी व मधमाश्यांवरील परिणाम आणि धान्यातील अवशेष तपासून नोंदणी समिती निर्णय देते.

नोंदणी हाही अंतिम शब्द नव्हे. रायगडमधील रसायनी येथे डीडीटीचे उत्पादन सुरू झाले. शेतीतील त्याच्या वापरावर १९८९ मध्ये देशात बंदी आली. निसर्गात दीर्घकाळ टिकणारे अवशेष हे त्यामागील प्रमुख कारण होते.

यास्तव कीडग्रस्त फुटवे सुमारे पाच टक्क्यांवर गेल्याखेरीज औषधाकडे वळू नये. रोपांचे शेंडे खुडून लावणी करणे, कापणीनंतर धसकटे नष्ट करणे व ट्रायकोग्रामा या परोपजीवी कीटकाचा उपयोग करणे, हे उपाय आधी योजावेत. दाणेदार औषध टाकल्यास काही दिवस खाचरातील पाणी बाहेर सोडू नये. औषधाची खरी कसोटी प्रयोगशाळेत सुरू होते. ती पुरी होते ती मात्र खाडीकाठच्या बांधावरच.