पुढे काय झालं, ते लिहा

गोव्यातली मुलं पशुवैद्यक व्हायला बाहेर जातात, काही परळच्या १८८६ सालच्या कॉलेजात. शिकून आलेली पुन्हा पेडणे, डिचोलीत पांगतात. म्हणून तुयेहून आमचा व्हॉट्सअॅप गट सुरू झाला. त्यात विद्यार्थी, नवे डॉक्टर आणि आग्रहाखातर घेतलेले काही गोठेवाले.

२०२२ च्या पावसात, लम्पीची धास्ती असताना, कुणीतरी गाईच्या मानेचा फोटो टाकला. मानेवर गाठीच गाठी. चहा निवायच्या आत सगळ्यांनी ‘लम्पी’ लिहून टाकलं. ताप किती, हे कुणी विचारलं नाही. लम्पीत सहसा ताप चढतो, गाठी टणक असतात, दिवसचे दिवस राहतात, खांद्यापुढची लसिका ग्रंथी सुजते. या गाईचा पारा १०१.५ वर, म्हणजे गाईसाठी नेहमीचाच होता आणि ती निवांत रवंथ करत होती. गाठी बघता बघता उठल्या, दुसऱ्या दिवशी विरल्या. अंगावर पित्त उठलं होतं, बस्स. तोवर स्क्रीनशॉट वाड्यावर फिरला आणि रतीब बंद झाले. लम्पी माणसाला होत नाही, हे ऐकायला थांबतो कोण!

मला खटकलं ते वेगळंच. गाय बरी झाल्याचं गटावर आलंच नाही, मला ते बाजारात कळलं. म्हणजे फोटो पाहणाऱ्या पोरांच्या डोक्यात ती गाय अजून लम्पीचीच. अशा गटात निदानं भरपूर, निकाल मात्र नाहीत. आणि शिकायचं असतं ते निकालातून.

तेव्हा गट काढणाऱ्यांनो, केस टाकणाऱ्याने शेवट लिहिल्याशिवाय त्याची पुढची केस घेऊ नका. जनावर दगावलं तरी लिहायचं. फोटोआधी ताप, वय, वेत, व्यायल्याला किती दिवस, चारा, शेण आणि आधी टोचलेलं औषध. गटातल्या ज्येष्ठ डॉक्टरांनी संध्याकाळपर्यंत गप्प बसावं. ते बोलले की मुलं ‘हो सर’ म्हणून मोकळी होतात. आधी मुलांना कारणासकट अंदाज लिहू द्या.

गोठेवाल्यांचा गट निराळा ठेवा. यात तुसडेपणा नाही. अमेरिकेत १९९१ पासून चालणारं व्हीआयएन हे ऑनलाइन व्यासपीठही पशुवैद्यक आणि त्या शाखेच्या विद्यार्थ्यांपुरतंच आहे. आमच्याकडे दूधज्वराच्या चर्चेत ‘कॅल्शियम, ४५० मिली, शिरेतून’ एवढंच आलं. ते सावकाश, हृदयाचे ठोके ऐकत सोडायचं असतं, हे डॉक्टरांना वेगळं सांगावं लागत नाही. एका गोठ्यात मात्र तेवढं वाचून बाटली भराभर चढवली गेली. गाय उठली नाही.

डाव्या कुशीवर मूठ दाबून पोटाची हालचाल मोजणं मोबाईलवर येत नाही. त्यासाठी अधूनमधून एखाद्या गोठ्यात जमावंच लागतं. आणि वासरू अडलं असेल तर गटावर टाइप करत बसू नका. डॉक्टरला फोन लावा.