पकड करणारा गडी सर्वोत्कृष्ट ठरू शकतो काय?

सोयाबीन निघून शेते मोकळी झाली की आपल्या वाशीम जिल्ह्यात कबड्डीच्या खुल्या सामन्यांना रंग चढतो. अंतिम सामना रात्री उशिरा संपतो, बक्षीस समारंभ सुरू होतो आणि ध्वनिक्षेपकावरून नावे पुकारली जातात : उत्कृष्ट चढाई, उत्कृष्ट पकड आणि शेवटी सर्वोत्कृष्ट खेळाडू. पहिल्या दोन नावांविषयी मैदानाबाहेर पैजा लागतात. तिसरे नाव बहुधा चढाई करणाऱ्याचेच असणार हे सर्वांना ठाऊक असते. पकड हे खेळाचे एक अंग आणि चढाई म्हणजे सबंध खेळ, असे काहीसे गृहीत या वाटणीमागे असावे. ते कितपत खरे आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हा प्रश्न नुसत्या करंडकाचा नाही. ज्याचे नाव पुकारले जाते तोच निवड समितीच्या नजरेत भरतो. निवड झाली तर विद्यापीठाचा संघ, राज्याचा संघ, आणि राज्य शासनाच्या नोकऱ्यांतील खेळाडूंसाठी राखलेल्या पाच टक्के जागांची आशा. खेड्यातून आलेल्या कोपरारक्षकाच्या दृष्टीने पुकारले न गेलेले नाव ही लहानसहान गोष्ट नव्हे.

प्रथम दाखले पाहू. प्रो कबड्डी लीग २०१४ साली सुरू झाली. तिच्या पहिल्या अकरा हंगामांत सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवणाऱ्यांची नावे वाचली तर अनुप कुमार, रोहित कुमार, परदीप नरवाल, पवन सेहरावत, नवीन कुमार, अर्जुन देशवाल अशी चढाईबहाद्दरांची रांगच दिसते. सहाव्या हंगामात, २०१८ साली, उत्तर प्रदेशच्या संघाचा कोपरारक्षक नितेश कुमार याने पकडीचे शंभर गुण मिळवले. एका हंगामात शंभरी गाठणारा तो पहिला बचावपटू. तरीही त्या वर्षीचा सर्वोच्च मान गेला पवन सेहरावतकडे, कारण त्याच्या नावावर चढाईचे २७१ गुण होते. शंभर आणि दोनशे एकाहत्तर हे आकडे शेजारीशेजारी मांडले की वाद संपला असे वाटते. वास्तविक तो येथूनच सुरू व्हावयास हवा.

कारण हे दोन आकडे एका मापाचे नाहीत. चढाई करणारा एका दमात दोन, तीन, प्रसंगी चार गडी बाद करू शकतो, आणि समोर सहा किंवा सात गडी असतील तर बोनस रेषा ओलांडून कोणालाही न शिवता एक गुण घेऊन परत येऊ शकतो. पकड करणाऱ्याला एका पकडीचा एकच गुण. मैदानात तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असताना पकड झाली तर दोन. म्हणजे आपला संघ निम्म्याहून अधिक बाहेर बसलेला असावा, तेव्हा कोठे पकडीची किंमत दुप्पट होते! शिवाय पकड क्वचितच एकट्याची असते. कोपऱ्याने घोटा धरला, मध्यरक्षकाने अंग टाकले, साखळीतल्या दुसऱ्याने मध्यरेषेकडची वाट अडवली. वहीत गुण लागतो तो एकाच्या नावावर. बाकीच्यांच्या नावावर धूळ.

आता वहीत जे येतच नाही ते पाहू. चाळीस मिनिटांचा सामना आणि तीस सेकंदांची चढाई धरली तर दोन्ही बाजू मिळून सुमारे ऐंशी चढाया होतात. त्यांतील कितीतरी रिकाम्या जातात. रिकामी चढाई म्हणजे काहीच घडले नाही असे नव्हे. डाव्या कोपऱ्यात दणकट मनगटाचा गडी उभा असला की चढाई करणारा त्या बाजूला पाय टाकण्यापूर्वी दोनदा विचार करतो, उजवीकडेच घुटमळतो आणि वेळ संपत आली की परततो. अशा दोन चढाया लागोपाठ रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण मिळवणे भाग असते, नाहीतर तो बाद. तिसऱ्या चढाईत जो पकड करतो त्याचे नाव वहीत लागते. पहिल्या दोन ज्याच्या धाकाने रिकाम्या गेल्या, त्याचे नाव कोठेच नाही.

आणखी एक हिशेब आहे. प्रतिस्पर्ध्यांचा मुख्य चढाईबहाद्दर पकडला गेला की तो नुसता एक गुण देऊन जात नाही. त्याच्या संघाने गुण मिळवून त्याला उठवीपर्यंत तो बाहेर बसतो. ती चार-पाच मिनिटे दुय्यम गडी चढाया करतात, तेही पकडले जातात, आणि लोण चढतो. सामना फिरला तो त्या एका घोट्याच्या पकडीने. वहीत मात्र तिथे आकडा एकच.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. सात जणांच्या अंगणात एकट्याने दम घेत शिरायला जे काळीज लागते त्याचे मोल कमी लेखता येणार नाही. तसेच उतावळा बचावपटू फसलेल्या पकडींतून प्रतिस्पर्ध्याला जे गुण बहाल करतो, ते त्याच्या खात्यातून वजा होत नाहीत. पकडीचे शंभर गुण मिळवताना किती दिले, हे विचारल्याशिवाय तो आकडाही पुरा समजत नाही. वही बचावपटूवर अन्याय करते तशी कधी त्याला झाकूनही घेते.

बाहेरच्या खेळांत काय दिसते? अमेरिकन पद्धतीच्या फुटबॉलमध्ये, एन.एफ.एल. या त्यांच्या लीगमध्ये, हा मान बचावपटूंपैकी १९७१ साली ॲलन पेज आणि १९८६ साली लॉरेन्स टेलर यांना मिळाला. पुढे २०२४ च्या हंगामापर्यंत एकालाही नाही. (१९८२ साली तो चक्क लाथेने चेंडू मारण्यापुरताच मैदानात येणाऱ्या मार्क मोस्लीला मिळाला होता, ही गंमत जाता जाता.) आपल्या ओळखीच्या फुटबॉलमध्ये युरोपातला मानाचा ‘बॅलन डी’ऑर’ १९६३ साली रशियन गोलरक्षक लेव्ह याशिनने मिळवला. बचावफळीतून बेकेनबाउर १९७२ व १९७६ साली, सामर १९९६ साली आणि इटलीचा कॅनाव्हारो २००६ साली त्याचा मानकरी ठरला. कॅनाव्हारोच्या इटलीने त्या वर्षीच्या विश्वचषकात सात सामन्यांत दोनच गोल घेतले. एक स्वतःच्याच खेळाडूकडून झालेला आणि दुसरा पेनल्टीवरचा. इतके निर्दोष काम आणि वर विश्वचषक, तेव्हा कोठे बचावपटूकडे लक्ष गेले. २०१९ साली व्हॅन डाइक ६७९ गुण मिळवून मेस्सीच्या मागे राहिला, अवघ्या सात गुणांनी.

याच्या उलट दाखला आपल्या घरातच आहे. खो-खोमध्ये संरक्षण करणारा गडी किती मिनिटे, किती सेकंद नाबाद राहिला याची नोंद गुणपत्रिकेवर होते. त्यामुळे तिथे संरक्षकाला सर्वोत्कृष्ट ठरवताना कोणी अडखळत नाही. न बाद होणे हेही तिथे मोजता येते. कबड्डीत धाक मोजण्याचे घड्याळ अजून कोणी केले नाही.

मग बचावपटूला हा मान कबड्डीत मिळालाच नाही काय? मिळाला, पण आडवाटेने. २०१५ साली मनजीत छिल्लरला मिळाला. तो पकडीत वाघ होता खरा, पण चढायाही करीत असे. इराणच्या मोहम्मदरेझा शादलूईची गोष्ट तर अधिक बोलकी आहे. दहाव्या हंगामात पुणेरी पलटणकडून त्याने पकडीचे ९९ गुण मिळवले, संघ १ मार्च २०२४ रोजी विजेता झाला, आणि सर्वोत्तम खेळाडू ठरला त्याचाच सहकारी, अहिल्यानगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार. अस्लमच्या नेतृत्वाबद्दल आणि खेळाबद्दल दुमत नाही. पुढच्याच हंगामात शादलूई हरियाणाकडून खेळला, त्याने पकडींबरोबर चढायाही केल्या, डिसेंबर २०२४ मध्ये बालेवाडीला त्याचा संघ विजेता झाला आणि तेव्हा तो मान त्याच्याकडे आला. पकडीचे गुण मात्र आधीच्या वर्षी अधिक होते. बाजार या बाबतीत परीक्षकांहून चाणाक्ष दिसतो : २०२५ च्या लिलावात सर्वांत मोठी बोली, दोन कोटी तेवीस लाखांची, लागली ती याच शादलूईवर.

तेव्हा निव्वळ पकडीच्या जोरावर हा मान मिळू शकतो काय, याचे उत्तर माझ्या मते असे : खेळाच्या नियमांत त्याला आडकाठी नाही, आहे ती वहीत. आपल्या महाविद्यालयाच्या सामन्यांपुरता एक प्रयोग सहज करता येईल. गुणलेखकाशेजारी दुसरा एक विद्यार्थी बसवावा. त्याने प्रत्येक रिकाम्या चढाईपुढे ती कोणत्या कोपऱ्यापुढे अडली हे लिहावे, प्रत्येक पकडीपुढे साखळीतल्या दोघांतिघांची नावे लिहावीत, फसलेल्या पकडी वेगळ्या रकान्यात टाकाव्यात, आणि पकडलेला गडी किती वेळ बाहेर बसला ते घड्याळ लावून नोंदवावे. एक वही, एक पेन्सिल आणि मनगटी घड्याळ एवढीच सामग्री लागेल.