जुन्या मोटारीचे गिअर बदलावेत का?

रत्नागिरीहून कोल्हापूरला जाताना साखरपा मागे पडले की आंबा घाट लागतो. जुनी मोटार तेथे धापा टाकू लागते. चालक गिअर उतरवतो. वेग कमी होतो, पण गाडी चढू लागते. इंजिन तर तेच! मग हा जादा जोर आला कोठून?

समजा, २० दात्यांचे चक्र ३० दात्यांच्या चक्राला फिरवत आहे. पहिल्याचे ३ फेरे होतात तेव्हा दुसऱ्याचे २ होतात. वेग घटला, पण फिरवण्याचा जोर, म्हणजे आघूर्ण, दीडपट झाले. दोहोंचा गुणाकार म्हणजे शक्ती. घर्षण सोडले तर ती तेवढीच राहते. गिअर शक्ती निर्माण करत नाही. वेग देऊन जोर घेतो, एवढेच.

मग हे प्रमाण आपल्या सोयीने बदलता येईल का? गिअरपेटीतील दोन दंडांमधले अंतर ठरलेले असते. म्हणून एकच चक्र बदलून भागत नाही. त्याच मापाचे दाते ठेवायचे, तर दोन्ही चक्रांच्या दात्यांची बेरीज ५० च राहिली पाहिजे. जसे, १९ आणि ३१.

कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी घ्या. १०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन, पुढे जाण्याचे चार गिअर आणि जोर मागच्या चाकांना. अशा गाडीत मागच्या आसावरील क्राऊन आणि पिनियन ही जोडी बदलली की सर्वच गिअरांचे प्रमाण बदलते.

हिशोबासाठी सोपे आकडे घेऊ. पिनियनला ९ दाते, क्राऊनला ३६, प्रमाण ४. चाकाचा परीघ १.८ मीटर. चौथ्या गिअरमध्ये इंजिनाचे आणि मधल्या लांब दंडाचे फेरे सारखेच असतात. ते मिनिटाला ३००० धरू. चाकाचे फेरे ७५० होतील आणि वेग ताशी ८१ किलोमीटर. आता पिनियन ८ दात्यांचे असलेली जोडी बसवली. प्रमाण ४.५ झाले. चाकावरचा जोर साडेबारा टक्के वाढला, पण तेवढ्याच फेऱ्यांत वेग उरला ७२. गंमत म्हणजे वेगदर्शक ८१ च दाखवील! कारण तो चाकाचे नव्हे, गिअरपेटीतून बाहेर पडणाऱ्या दंडाचे फेरे मोजतो. म्हणून त्याचे दातेही बदलावे लागतात.

कोणी पेट्रोल वाचवण्यासाठी उलट करील, म्हणजे प्रमाण घटवील. सपाटीवर इंजिन संथ फिरेल हे खरे. पण घाट उतरताना इंजिनाची आवरून धरण्याची ताकदही घटते. सारा भार ब्रेकवर येतो; ते तापतात आणि त्यांची पकड सैल होते. म्हणून असा बदल करण्यापूर्वी केवळ चढाचा नव्हे, उताराचाही हिशोब मांडावा.

आज घरी सायकलीच्या पुढच्या व मागच्या चक्राचे दाते मोजा. पायंड्याच्या एका फेऱ्यात सायकल किती अंतर जाईल ते काढा आणि अंगणात खडूने खूण करून पडताळून पाहा.