मैत्रिणीचा आकडा विसरा

प्रश्न : वय ३१, अंगकाठी बारीक. स्तनवर्धनासाठी सिलिकॉन इम्प्लांट घ्यावे की सलाइन? मैत्रिणीने ३५० सीसीचे बसवले आहे.

उत्तर : तिचा आकडा तुमच्या कामाचा नाही. माप ठरते छातीच्या रुंदीवर आणि त्वचेच्या ताणावर. बारीक अंगात सलाइनच्या सुरकुत्या हाताला जाणवतात, म्हणून मी सिलिकॉन जेल सुचवेन. मात्र ते आत फुटले तरी अनेकदा कळत नाही. म्हणून शस्त्रक्रियेनंतर पाच-सहा वर्षांनी आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी एमआरआय किंवा सोनोग्राफी करावी. पृष्ठभाग गुळगुळीतच मागा. खरखरीत इम्प्लांटभोवती क्वचित लिम्फोमा हा कर्करोग होतो. त्यामुळेच ॲलर्गन कंपनीने ‘बायोसेल’ इम्प्लांट २०१९मध्ये जगभरातून परत घेतले. कुठलेच इम्प्लांट जन्मभराचे नसते. पुढच्या शस्त्रक्रियेचा खर्च आताच धरा. इम्प्लांटच्या अनुक्रमांकाचे कार्ड घेतल्याशिवाय रुग्णालय सोडू नका.